अनपेक्षित कोणाला?

शाळेचे वार्षिक क्रीडासामने आटोपले, बक्षिसे वाटून झाली आणि मैदानावरचा मंडप उतरू लागला, म्हणजे शिक्षकांच्या खोलीत चहाच्या पेल्याबरोबर एक वाक्य हटकून कानी पडते : “यंदा अमक्या शर्यतीचा निकाल अगदीच अनपेक्षित लागला!” प्रस्तुत लेखकाने आपल्या वीस वर्षांच्या अध्यापनात हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे, आणि खरे सांगावयाचे तर ऐकण्यापेक्षा उच्चारलेच अधिक आहे. ते उच्चारताना बोलणाऱ्याच्या मुद्रेवर कौतुक असते, थोडे नवल असते. संकोच मात्र कधी दिसत नाही. तो दिसावा काय, आणि दिसावयाचा तर कोणत्या प्रसंगी, एवढाच प्रश्न ह्या लेखात वाचकांपुढे मांडावयाचा आहे.

‘अनपेक्षित’ हा शब्द मोठा मौजेचा आहे. व्याकरणाच्या तासाला आपण मुलांस नेहमी विचारतो, “ह्या वाक्यात कर्ता कोण?” तोच प्रश्न ह्या शब्दास विचारून पाहावा. ज्याची अपेक्षा केली नव्हती ते अनपेक्षित. पण अपेक्षा केली नव्हती ती कोणी? धावणाऱ्याने? तो तर महिनोन्महिने पहाटे उठून त्याच अपेक्षेने धावत असतो. त्याच्या आईने? तिची अपेक्षा त्याच्याहूनही जुनी असते. अपेक्षा केली नव्हती ती आपण, म्हणजे काठावर उभे राहून पाहणाऱ्यांनी. निकाल धावणाऱ्याचा, आणि अनपेक्षितपणा आपला. असे असूनही आपण तो शब्द अशा थाटाने योजतो, की जणू आंब्याचा रंग जसा आंब्यात, तसा अनपेक्षितपणा त्या निकालातच वसत असावा.

तथापि सर्वच अनपेक्षित निकालांस एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. माझ्या मते त्यांचे दोन प्रकार आहेत, आणि ते एकमेकांपासून निवडून वेगळे करता आले पाहिजेत.

पहिल्या प्रकाराचे उदाहरण दूरदेशीचे घेतो. उत्तर युरोपात बायथलॉन नावाचा एक खेळ आहे. सैनिकांच्या बर्फावरील गस्तीतून तो निघाला, आणि १९६० पासून हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळला जातो. पायांस स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून, पाठीवर बंदूक घेऊन बर्फावरून घसरत जावयाचे, आणि मध्येच थांबून पन्नास मीटरांवरील लक्ष्यांचा वेध घ्यावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. त्यातील ‘स्प्रिंट’ ही पुरुषांची शर्यत दहा किलोमीटरांची असते. पहिल्या फेरीनंतर निजून पाच गोळ्या आणि दुसऱ्या फेरीनंतर उभ्याने पाच गोळ्या झाडावयाच्या. निजून साधावयाचे लक्ष्य अवघे पंचेचाळीस मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे एखाद्या लिंबाएवढे. जितके नेम चुकतील तितक्या वेळा दीडशे मीटरांची जादा फेरी मारावी लागते. धापा टाकीत आलेल्या माणसास क्षणात श्वास आवरून हात स्थिर करावयाचा असतो. पायांस वेग पाहिजे आणि हातास शांती पाहिजे, अशी ही दुहेरी परीक्षा आहे.

११ फेब्रुवारी २०१८ रोजी दक्षिण कोरियातील प्योंगचांग येथे ही ऑलिंपिक शर्यत झाली. फ्रान्सचा मार्तिन फुर्काद आणि नॉर्वेचा योहान्नेस बो ह्या दोघांनी त्या हंगामातील बहुतेक शर्यती आपसात वाटून घेतल्या होत्या. तेव्हा सुवर्णपदक ह्या दोघांपैकीच एकाचे, असे सर्वांनी धरून ठेवले होते. प्रत्यक्षात फुर्कादचे निजून झाडलेल्या पाचांपैकी तीन नेम चुकले आणि तो आठवा आला. बोचे एकंदर चार नेम चुकले आणि तो एकतिसावा आला. जर्मनीच्या आर्न्ड पायफरने दहाही लक्ष्ये अचूक टिपली आणि सुवर्णपदक नेले. पायफर हा २०११ मध्ये ह्याच शर्यतीचा विश्वविजेता होता खरा. परंतु त्यास सात वर्षे लोटली होती, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर पैज लावणारे फार थोडे असतील.

हा निकाल अनपेक्षित होता. पण तो अनपेक्षित ठरला ह्यात पाहणाऱ्यांचा दोष काय? काहीच नाही. फुर्काद श्रेष्ठ आहे हे अनुमान चुकीचे नव्हते. दुसऱ्याच दिवशी पाठलागाच्या शर्यतीत आठव्या स्थानावरून निघून त्याने सुवर्णपदक मिळविले आणि ते अनुमान खरे करून दाखविले. परंतु खेळच असा आहे, की तेथे वाऱ्याची एखादी झुळूक किंवा बोटाचा एखादा कंप श्रेष्ठासही खाली आणतो. अशा निकालात पाहणाऱ्याने निर्मळ मनाने आश्चर्य करावे. ते खेळाचे भूषणच आहे. विजेता आधीच ठरलेला असता, तर माणसे थंडीत कुडकुडत शर्यत पाहावयास उभी राहिली नसती.

दुसरा प्रकार ह्याहून वेगळा आहे, आणि त्याचे उदाहरण मात्र आपल्या घराजवळ आहे. आपल्याकडे बर्फ पडत नाही. परंतु आपल्या जिल्ह्याच्या शिवेस लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील एका तरुणाने बर्फात पहारा केलेला आहे. बीड जिल्ह्यातील त्या तालुक्यात मांडवा नावाचे गाव आहे. तेथे १३ सप्टेंबर १९९४ रोजी एका शेतकरी कुटुंबात अविनाश साबळे ह्याचा जन्म झाला. गावातून शाळेस जाण्यास वाहन नव्हते. लहानपणापासून सहा किलोमीटरांची वाट तो कधी चालत, कधी धावत तुडवीत असे. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाला, २०१३-१४ मध्ये सियाचेनच्या हिमनदीवर राहिला, पुढे राजस्थानच्या वाळवंटात आणि मग सिक्कीममध्ये गेला. २०१५ मध्ये लष्करातील पलटणींच्या रानावनातून धावण्याच्या शर्यतीत तो उतरला, आणि तेथून त्याच्या ह्या विद्येस आरंभ झाला. मध्यंतरी दुखापतीने त्याचे वजन वाढले, ते त्याने श्रमाने उतरविले. पुढे लष्करातील प्रशिक्षक अमरीश कुमार ह्यांनी त्याची चाल पाहून त्यास तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेस शर्यतीकडे वळविले.

स्टीपलचेस म्हणजे अडथळ्यांची लांब शर्यत. तीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. हे अडथळे साध्या अडथळा-शर्यतीतल्यासारखे धक्का लागताच कोसळत नाहीत. पाय अडकला, तर कोसळतो तो धावणारा. ह्या शर्यतीवर केनिया देशाचे साम्राज्य होते. राष्ट्रकुल क्रीडासामन्यांत १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग सहा वेळा ह्या शर्यतीची तिन्ही पदके, म्हणजे अठराच्या अठरा पदके, केनियाच्याच धावपटूंनी नेली. त्यापूर्वी केनियाबाहेरच्या माणसास जे शेवटचे पदक मिळाले, ते ऑगस्ट १९९४ मध्ये, कॅनडातील व्हिक्टोरिया येथे. मांडव्याच्या साबळ्यांच्या घरी मूल जन्मले ते त्याच्या पुढच्याच महिन्यात.

६ ऑगस्ट २०२२ रोजी इंग्लंडातील बर्मिंगहॅम येथे ती शर्यत पुन्हा झाली. नेहमीप्रमाणे केनियाचे तिघे आघाडीस होते. त्यांतील कॉन्सेस्लस किप्रुतो हा ऑलिंपिकचा आणि जगाचाही विजेता राहिलेला. साबळे त्यांच्या पाठीस लागून राहिला. शेवटच्या फेरीत त्याने वेग वाढविला आणि अखेरच्या रेषेवर तो अब्राहम किबिवोटच्या खांद्याशी खांदा भिडवून आला. किबिवोट ८ मिनिटे ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटे ११.२० सेकंद. सेकंदाच्या विसाव्या हिश्शाने त्याचे सुवर्णपदक हुकले. केनियाच्या आमोस सेरेमला तिसरे स्थान मिळाले आणि किप्रुतो पदकांच्या बाहेर राहिला. अठ्ठावीस वर्षांची भिंत मांडव्याच्या शिपायाने पाडली.

दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या तोंडी तोच शब्द होता : अनपेक्षित. आता ह्या शब्दाची तपासणी करू. निकालाचे पुरावे आधीपासून आपल्यासमोर नव्हते काय? गोपाळ सैनी ह्यांचा १९८१ पासून अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम साबळेने २०१८ मध्येच मोडला होता. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत तो अंतिम फेरीत धावला होता. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये त्याची अंतिम फेरी हुकली, पण त्याच धावेत त्याने ८ मिनिटे १८.१२ सेकंदांचा नवा राष्ट्रीय विक्रम केला होता. बर्मिंगहॅमच्या दोनच महिने आधी, जून २०२२ मध्ये, मोरोक्कोतील राबात येथे तो ८ मिनिटे १२.४८ सेकंदांत धावला होता. म्हणजे बर्मिंगहॅममध्ये त्याने आपली वेळ सुधारली ती जेमतेम सव्वा सेकंदाने. सव्वा सेकंदात कसला चमत्कार होतो? चार वर्षे एक माणूस सर्वांच्या देखत एकेक पायरी चढत होता, आणि तो माडीवर पोहोचल्यावर आपण विचारले, हा येथे आला कोठून!

प्योंगचांगला अनुमान बरोबर होते आणि दैवाने ते एका दिवसापुरते फिरविले. बर्मिंगहॅमला दैवाने काहीच केले नाही. आपण अनुमान करण्याचे कष्टच घेतले नव्हते. केनियाचाच माणूस जिंकावयाचा, हे आपण ऐकून ठेवले होते. आष्टीकडचा माणूस तेथे असू शकेल, हे आपल्या मनास शिवलेही नव्हते. पहिल्या प्रकारच्या आश्चर्याने मन प्रसन्न होते. दुसऱ्या प्रकारच्या आश्चर्याने थोडे खजील व्हावे, असे मला वाटते. कारण ते आपल्या अज्ञानाची पावती आहे.

आणि ही अपेक्षा किती चंचल असते पाहा. २०२३ मध्ये हांगझोऊ येथील आशियाई सामन्यांत साबळेने सुवर्णपदक जिंकले, तेव्हा कोणास विशेष नवल वाटले नाही. २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ह्या शर्यतीच्या अंतिम फेरीत पोहोचणारा तो पहिला भारतीय पुरुष ठरला आणि अकरावा आला, तेव्हा तर काही लोक निराश झाले! ज्याच्याविषयी काल काहीच अपेक्षा नव्हती, त्याच्याविषयी आज काहीच पुरेसे नाही. दोन्ही वेळी धावणारा तोच होता. बदलले होते ते काठावरचे डोळे.

येथे आणखी एका चुकीचा उल्लेख केला पाहिजे. कारण ती आमच्यासारख्या शिक्षकांच्या हातून आणि अशा वार्षिकांच्या पानांतून वारंवार घडते. असा निकाल लागला, की आपण लगेच त्या मुलाच्या दारिद्र्याचे स्तोत्र गाऊ लागतो. “सहा किलोमीटर चालत शाळेस जात असे, म्हणूनच तो एवढा धावपटू झाला!” हे वाक्य ऐकावयास गोड आहे, पण ते खरे असते, तर बीड जिल्ह्यात विश्वविजेत्यांस तोटा पडला नसता. सहा किलोमीटर चालून शाळेस जाणारी मुले पूर्वीही हजारो होती. त्यांतील बहुतेकांस त्या चालण्याने पदक दिले नाही. कित्येकांची शाळा मात्र त्या चालण्याने सुटली. साबळेस जे मिळाले ते नीट मोजावे : लष्करात पोटभर अन्न, धावण्यास मोकळा वेळ, स्पर्धेस मैदान, आणि ‘ह्या मुलाने ही शर्यत धरावी’ असे ओळखणारा एक जाणता प्रशिक्षक. कष्ट त्याचे स्वतःचे होते, ह्यात शंका नाही. पण ते कष्ट वाया गेले नाहीत, ते ह्या चार गोष्टींमुळे.

हीच गोष्ट दुसऱ्या एका पदकाने सिद्ध होते. बायथलॉनमधील धावणे आपण साबळेत पाहिले. त्यातला नेम पाहावयाचा तर कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेकडे पाहावे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे पन्नास मीटर रायफलच्या स्पर्धेत, जीत गुडघ्यावर बसून, निजून आणि उभ्याने असा तिन्ही प्रकारे नेम धरावा लागतो, त्याने ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. प्राथमिक फेरीत तो सातवा होता. अंतिम फेरीत गुडघ्यावरच्या नेमबाजीनंतर सहावा, निजून झाल्यावर पाचवा आणि उभ्याने नेम धरताना तिसरा, असा तो वर चढत गेला. ह्या प्रकारात भारतास मिळालेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक मिळविल्यापासून वैयक्तिक पदकाचा मान महाराष्ट्राकडे परत येण्यास बहात्तर वर्षे लागली. हाही निकाल पुष्कळांस अनपेक्षित वाटला. परंतु कुसाळे शिक्षकाचा मुलगा. २००९ मध्ये वडिलांनी त्यास सरकारी क्रीडा प्रबोधिनीत घातले, तेथे त्याने नेमबाजी धरली आणि पंधरा वर्षे सोडली नाही. येथे दारिद्र्याची कथा नाही. एका बापाचा वेळीच घेतलेला निर्णय, एक संस्था आणि पंधरा वर्षे आहेत. माणदेशातील मोही गावच्या ललिता बाबर २०१६ मध्ये रिओ येथे ह्याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचून दहाव्या आल्या होत्या. तेव्हा दुष्काळी माळावरून अशी माणसे निघतात, हे साबळेच्याही सहा वर्षे आधी आपणांस कळावयास हरकत नव्हती.

आता मी ह्या लेखाच्या खऱ्या विषयाकडे वळतो. हे सर्व देवळाली प्रवरेच्या शाळेत बसून लिहिण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या शिवारात आहे. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेचे कालवे भरून वाहू लागले आणि आपला मुलूख उसाचा झाला. हा ऊस आपण लावतो. पण तो तोडावयास येतात ते आष्टी, पाटोदा, शिरूर, धारूर ह्या तालुक्यांतील लोक, आणि आपल्याच जिल्ह्यातील पाथर्डीकडचे लोक. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन ही कुटुंबे निघतात, फडाच्या कडेला कोप्या घालतात आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत आपल्यात राहतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ अशी त्यांची मोजदाद होते. मुलांची मोजदाद कोणत्याच वहीत होत नाही. शाळेचे दुसरे सत्र आणि उसाचा हंगाम हे एकाच वेळी चालतात, हे त्या मुलांचे दुर्दैव.

साबळे कुटुंब ऊसतोडीस येत असे, असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. मला म्हणावयाचे आहे ते इतकेच, की ज्या मातीने तो धावपटू दिला, त्याच मातीतील मुले दरवर्षी पाच महिने आपल्या शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर राहतात. त्यांच्याविषयी आपली अपेक्षा काय आहे, हे आपण स्वतःस विचारावे. मी ते विचारले, आणि जे उत्तर मिळाले ते माझ्या मानास शोभणारे नाही, तरी लिहितो.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कोपीतला एक मुलगा हंगामापुरता माझ्या वर्गात येऊन बसू लागला होता. अकरा-बारा वर्षांचा, बोलावयास कमी. क्रीडासामन्यांच्या आधी लांब पल्ल्याच्या शर्यतीची यादी करण्याचे काम माझ्याकडे होते. मी वर्गातील नावे लिहिली आणि त्याचे नाव वगळले. त्यात कसलाही दुष्टावा नव्हता. सामने होईपर्यंत हे बिऱ्हाड हलणार, मग एक जागा उगीच कशास अडवावी, असा सरळ हिशेब मी केला. यादी फळ्यावर लागल्यावर तो मजपाशी आला आणि म्हणाला, “सर, माझं नाव न्हाई का ह्यात?” मी विचारले, “तू तोवर राहणार आहेस का इथं?” तो म्हणाला, “आबाला इचारून सांगतो.” दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वीच तो दाराशी उभा होता. “सर, फड अजून आठ रोज हाय. मी हाय तोवर.” सामने सहा दिवसांवर होते. पण यादी एकदा लागली होती, गट पडले होते, आणि एका नावासाठी सगळे पुन्हा लिहिण्याचा मला कंटाळा आला. “पुढच्या वर्षी बघू,” असे मी म्हणालो. तो काही न बोलता आपल्या जागी जाऊन बसला. शर्यतीच्या दिवशी तो कोठे होता, हे मला आठवत नाही. मी पाहिलेही नव्हते. पुढच्या वर्षी त्याच्या आई-वडिलांची गाडी दुसऱ्याच कारखान्याकडे गेली.

वाचकांची अपेक्षा असेल, की तो मुलगा पुढे मोठा धावपटू झाला असे मी आता सांगेन. तसे काही मी सांगू शकत नाही. तो वेगाने धावत होता की सावकाश, हेच मला ठाऊक नाही. कदाचित तो शेवटचाही आला असता. माझ्या मनास टोचते ते हेच. त्याचा निकाल अपेक्षित लागला नाही आणि अनपेक्षितही लागला नाही. तो लागलाच नाही. बर्मिंगहॅमच्या शर्यतीत आपली अपेक्षा कोती होती, तरी त्यामुळे साबळेचे काही बिघडले नाही. कारण त्यास रेषेवर उभे करणारे दुसरे कोणी होते. माझ्या वर्गातील त्या मुलास रेषेवर उभे करणारा मी एकटाच होतो.

ह्यावर माझे सहकारी म्हणतील, आणि काही जण म्हणालेही आहेत, की शिक्षकास अनुमान केल्यावाचून चालत नाही. मैदान एक, दिवस एक, मुले चारशे. सर्वांसच सर्व संधी कोठून द्यावी? अनुभव म्हणून काही वस्तू आहे की नाही? हा आक्षेप पोकळ नाही. अनुमान अवश्य करावे. परंतु शर्यत ही वस्तू माणसाने निर्माण केली ती अनुमान पडताळून पाहण्यासाठी. जे अनुमान पडताळ्यासच आडवे येते, ते अनुभव ह्या नावास पात्र नाही; तो केवळ आळस होय, आणि ह्या बाबतीत तरी मी साक्षीने बोलत आहे. शिवाय संधी सर्वांस द्यावयाची तर तीस फार मोठा खर्च लागतो असेही नाही. त्या दिवशी मला एक नवा कागद आणि पाव तास लागला असता.

म्हणून माझ्या काही लहानशा सूचना आहेत. हंगामापुरती आलेली मुले वर्गात बसू लागली, की त्याच दिवशी त्यांची नावे खेळांच्या यादीत जावीत. सामन्यांच्या दिवशी ती गावात असतील किंवा नसतील, हा प्रश्न त्या दिवशीचा. निवड तोंड पाहून न करता घड्याळ लावून करावी. घड्याळास बीड आणि नगर हा भेद कळत नाही. मूल हंगाम संपून परत निघाले, तर त्याने किती अंतर किती वेळात कापले, हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्या हाती द्यावे, म्हणजे गावाकडच्या गुरुजींस त्याचा उपयोग होईल. आणि ह्या मासिकात असा एखादा मुलगा किंवा मुलगी जिंकल्याचे लिहावयाचे झाले, तर त्याच्या कोपीचे आणि फाटक्या सदऱ्याचे वर्णन न करता त्याची वेळ छापावी.

विद्यार्थिमित्रहो, शेवटचे दोन शब्द तुम्हांसाठी. तुमच्यापैकी काही जण पुढे शिक्षक व्हाल, काही मुकादम, काही अधिकारी, काही बागाईतदार. कोणाचे ना कोणाचे नाव यादीत घालणे किंवा न घालणे तुमच्या हाती येईल. खेळाच्या मैदानावर दैवाने एखादा श्रेष्ठ खेळाडू हरला, तर खुशाल आश्चर्य करा, टाळ्या वाजवा. परंतु ज्याच्याकडे कधी पाहिलेच नव्हते तो जिंकला म्हणून जेव्हा आश्चर्य वाटेल, तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर क्षणभर थांबा आणि आपण ह्याच्याकडे आजवर का पाहिले नव्हते, हे स्वतःस विचारा.

यंदाच्या हंगामात कालव्याकडेच्या फडाजवळ पुन्हा कोप्या पडल्या आहेत. लांब पल्ल्याच्या शर्यतीची यादी ह्या वर्षीही माझ्याकडेच आहे. तिच्या तळाशी मी चार ओळी कोऱ्या ठेविल्या आहेत, आणि उद्या शाळा सुटल्यावर वही-पेन्सिल घेऊन तिकडे जावयाचे ठरविले आहे.